बापाचा ताक

आज मी जो काही आहे तो दायमकाकांमुळे आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढं त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून ते थोडे वेडे वाटतील आणि सांगायची ती गोष्ट राहून जाईल.

दायमकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. आमच्या तंजावरात दायम हा खेळ घरोघरी असतो. दोन लांबट पितळी फासे तळहातांत घासून जमिनीवर सोडायचे. फाशाची एक बाजू कोरी, बाकीच्या तिन्हींवर एक, दोन, तीन टिंबं. दायम म्हणजे एक. ते दान पडल्याशिवाय सोंगटी पटावर येत नाही. काका हे फासे खिशात घालून गावभर फिरायचे, बोलता बोलता वाजवायचे, म्हणून दायमकाका. त्यांना हे नाव माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

राजवाड्यामागच्या गल्लीत एका सायकल दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंगची शाळा होती. बहुतेक यंत्रं इंग्रजी, दोन तमिळ. पहाटेपासून तिथून भाताच्या गिरणीसारखा आवाज येत राहायचा. त्यांचे पूर्वज राजांच्या कचेरीत लिहिणारे, आमचे राजांच्या लोकांचे कपडे शिवणारे. दोघंही मराठीच, पण त्यांच्या मराठीत जुन्या कागदांतले शब्द असायचे आणि आमच्या मराठीत निम्मी तमिळ. त्या बोली जशाच्या तशा लिहिल्या तर वाचणाऱ्याला अडखळायला होईल, म्हणून थोड्या सोप्या करून लिहितो. मी देवनागरी शिकलो तीसुद्धा पुण्यात नोकरीला लागल्यावर, दुकानांच्या पाट्या वाचत. तंजावरात आमच्यापैकी फार थोड्यांना ती येते. मराठी बोलायची आणि तमिळ अक्षरांत लिहायची, अशीच तिथली रीत.

काका अप्पांच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मी काज करत बसलो होतो. अप्पा म्हणजे माझे वडील. काकांना सदऱ्याला आतून एक खिसा हवा होता, वीतभर खोल आणि दोन बोटं रुंद.

अप्पांनी टेप गळ्यातून काढली. “बासरी ठेवायची काय?”

“माणसं ठेवायची,” काका म्हणाले.

“किती?”

“मावतील तेवढी.”

अप्पांनी मुकाट्यानं माप घेतलं. काका गेल्यावर मला म्हणाले, “डोकं ढिलं आहे. पण खांदे सरळ आहेत.” अप्पांकडून माणसाची याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही. त्याच जोरावर त्यांनी मला टायपिंग शिकायला काकांकडं पाठवलं. टायपिंग आलं की सरकारी नोकरी लागते, असं तेव्हा सगळेच मानत.

शाळेत ठरावीक उतारे टाइप करायला द्यायचे असतात. काका पहिला महिनाभर तसे देत. मग त्यांचे स्वतःचे सुरू होत. एक अर्ज मला अजून आठवतो. पूर्व दरवाजाचा पहारेकरी कलेक्टरसाहेबांना विनंती करतो की त्याची बदली पश्चिम दरवाजावर व्हावी, कारण पूर्वेकडं एका बाईनं बदकं पाळली आहेत आणि त्याला बदकांची भीती वाटते. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन माडी चढून आले.

“सार, माझी पोरगी घरी येऊन विचारते, पहारेकऱ्याची बदली झाली का. सरकारी नोकरीत हे लागतं का?”

“सरकारी नोकरींत हेच भेटतील,” काका म्हणाले. त्या गृहस्थांना बसवून त्यांनी कॉफी पाजली आणि त्यांना स्वतःला कशाची भीती वाटते ते विचारून घेतलं.

हा पहारेकरी कुठून आला ते सांगायला हवं. काकांचा भाचा अमेरिकेत शिकायला होता. एका सुट्टीत येताना त्यानं एका खेळाचं जाड पुस्तक आणलं आणि जाताना सामानाचं वजन वाढलं म्हणून ते ठेवून गेला. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. “मी दार ठोठावतो”, “मी पळून जातो” असं बोलत बोलत गोष्ट पुढं न्यायची. एखादी गोष्ट जमली की फसली हे फाशांनी ठरवायचं. पुस्तकावर आग ओकणारा मोठा सरडा होता. काकांनी ते सरकारी नियमावलीसारखं पहिल्या पानापासून वाचलं. लढाया, जादू, खजिने वाचून बाजूला ठेवले. त्यांचं मन बसलं ते मागच्या थोड्या पानांवर. गोष्टीत वाटेत कुणी किरकोळ माणूस भेटला, एखादा नावाडी किंवा खानावळवाला, तर तो ऐनवेळी कसा उभा करायचा याचे तिथं तक्ते होते. फासे टाकायचे, एका तक्त्यातून धंदा उचलायचा, दुसऱ्यातून सवय, तिसऱ्यातून इच्छा. माणूस तयार.

“पण हे कोण आहेत बघ,” काका मला पान दाखवत म्हणाले. “मेणबत्त्या करणारा. कबरी खणणारा. तलवारीस धार लावणारा. ह्यांतला एक तरी आपल्या बसस्टँडावर दिसला काय तुज?”

म्हणून त्यांनी स्वतःचे तक्ते केले. चार चौकोनी तक्ते: धंदा, चाल, बोलणं आणि मनातलं. जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले. एक फासा आडवी ओळ सांगायचा, दुसरा उभी, आणि दोन्ही जिथं भेटतील त्या घरात बघायचं. धंद्याच्या तक्त्यात देवळाबाहेर चपला सांभाळणारी होती, वीणेला पडदे बसवणारा होता, दवाखान्यात नंबर पुकारणारा होता. भाषा मराठी, पण माडीवर देवनागरी यंत्र कुठलं असायला? सगळं तमिळ यंत्रावर टाइप केलेलं.

तमिळमध्ये क आणि ग एकाच अक्षरानं लिहितात. प, ब, भ यांना एकच अक्षर, त, थ, द, ध यांनाही एकच. तमिळ लिहिताना त्यानं काही अडत नाही, मराठी लिहिताना पदोपदी अडतं. “बोट दुखतं” असं काकांनी टाइप केलेलं आम्ही “पोट दुखतं” म्हणून वाचलं आणि एका बिचाऱ्या वीणावाल्याला दुपारभर ओव्याचं पाणी पाजलं. काकांनी दुरुस्त केलं नाही. त्यांचा नियम होता, पडलेला फासा परत उचलायचा नाही आणि मोठ्यानं वाचलेला शब्दही मागं घ्यायचा नाही. ह्या एका बाबतीत ते फार कडक होते. एकदा जयंतीचा फासा तिच्या पायाला लागून उलटला तर उलटा पडला तोच त्यांनी धरला.

ही जयंती तिरुवैयारूहून बसनं टायपिंगला यायची. तिच्या घरातले मोठे मराठी बोलत, तिला सगळं समजायचं, पण उत्तर ती तमिळमध्ये द्यायची. रविवारी दुपारी यंत्रांवर कापड घालून आम्ही खाली चटईवर बसायचो, ती, मी आणि काका. गोष्ट एकच होती. राजाचा हत्ती हरवला आहे आणि राजानं आम्हा दोघांना तो शोधायला पाठवलं आहे. पहिल्याच रविवारी आम्ही कावेरीच्या काठावर पोचलो आणि पलीकडं जायला नावाडी लागला. काकांनी फासे टाकले. नावाड्याच्या मनातलं निघालं, “पोहता न येणारा जावई हवा.” म्हणजे पोरगी लग्नानंतर नदीपलीकडं जाणार नाही. आम्ही दोन रविवार त्याच्यासाठी जावई शोधत फिरलो.

“सार, हत्ती?” जयंतीनं शेवटी विचारलं.

“हत्ती मोठा आहे. तो कुणासही सापडेल. हा नावाडी पुन्हा भेटायचा नाही.”

मी तंजावर सोडलं तेव्हाही हत्ती सापडलेला नव्हता.

प्रत्येक नव्या माणसाला काका तीन प्रश्न विचारायचे. हातात काय आहे, कुणाला भितोस, आज काय हवं आहे. नाव मात्र आधी ठेवू द्यायचे नाहीत. “नांव शेवटी. आधी चाल,” असं म्हणून आम्हाला उठवायचे आणि दोन यंत्रांच्या मधून त्या माणसासारखं चालून दाखवायला लावायचे. हेच तीन प्रश्न ते गावातल्या खऱ्या माणसांनाही विचारत, तक्त्यासाठी. तिरुवैयारूच्या बसमध्ये मी सोबत होतो. कंडक्टर तिकीट द्यायला आला.

“आज तुम्हांस काय हवं आहे?” काकांनी अगदी आस्थेनं विचारलं.

“सुट्टे,” कंडक्टर म्हणाला.

काकांनी ते तक्त्यात घातलं. पुढं एकदा राजाच्या सेनापतीलाच ते दान लागलं आणि तो घोड्यावर बसून सगळ्या सैन्याकडं सुट्टे मागत फिरला.

काकांनी लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण घर बघायची, तिला सगळे अक्का म्हणत. ती कॉफी घेऊन यायची, काकांना खांदा पाडून लंगडताना बघायची आणि पेले खाली ठेवत म्हणायची, “दर आठवड्यास नवी माणसं आणतोस घरांत. भांडी घासणारं एक तरी आण.” काका म्हणायचे, “धंद्याच्या तक्त्यांत आहे अक्का, फासाच लागत नाही.”

इकडं माझ्या घरी वेगळंच चाललं होतं. गावात तयार कपड्यांची दुकानं निघाली होती, काचेच्या दारांची. ज्यांना तयार शर्ट बसत नाही तेवढेच लोक आमच्याकडं उरले, एक खांदा उतरलेले, पाठीला पोक असलेले. मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच, आणि हिशेबाच्याच पेपरात नापास झालो होतो. तिरुप्पूरला माझे मामा बनियनच्या कंपनीत होते. तिथं कापड कापायला माणूस हवा आहे असं त्यांनी कळवलं.

“पोंगल झाला की तिरुप्पूर,” अप्पा म्हणाले.

मी म्हणालो, “सेरी अप्पा.” सेरी म्हणजे बरं. अप्पांसमोर उभा राहिलो की मला एवढा एकच शब्द यायचा. ते ओरडत नसत, मारत नसत. चष्म्यावरून बघत, तेवढ्यानंच माझ्या मनातली सगळी वाक्यं जागच्या जागी बसत. मला बी. कॉम. पुरं करायचं होतं. हे मी आईला सांगितलं, जयंतीला सांगितलं, काकांनाही सांगितलं. ज्यांना सांगायचं त्यांना सांगता येत नव्हतं.

त्या सुमाराच्या एका रविवारी हत्तीच्या मागावर आम्ही एका कालव्याशी आलो. कालव्याच्या दारांचा राखणदार मी व्हायचं होतं. फासे मी टाकले, तीन आणि एक. मनातल्याचा तक्ता जयंतीच्या मांडीवर होता. तिनं अक्षरं लावत वाचलं, “पापाचा ताक.”

“पापाचा नाही, बापाचा असणार,” मी म्हणालो.

“बापाचा ताक,” तिनं मान्य केलं. आमच्या मराठीत ‘चा’ आणि ‘चं’ यांचा गोंधळ नेहमीचाच, त्यामुळे कुणाला ते खटकलं नाही. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“ताक,” ते म्हणाले. “बरें. हातांत काय आहे तुझ्या?”

“ताकाचं भांडं.”

“कुणाचें ताक?”

“बापाचं.”

“बाप गेला काय?”

“नाही. घरी आहे.”

“मग ताक तूं कां वाहतोस?”

दोन्ही हातांत भांडं असल्यासारखं मी चालून बघितलं. मग आपोआपच येत गेलं. “दिलं आहे मला. घेऊनच फिरायचं. कालव्याची दारंसुद्धा एका हातानं उघडतो.”

जयंती हसायला लागली. तमिळमध्ये म्हणाली, “ऊन फार आहे. आम्हाला घोटभर दे.”

“नाही देता येत.”

“तूच पी मग.”

“मलाही नाही.”

“सांडलें तर?” काकांनी विचारलं.

“सांडलं तर घरी जाता येणार नाही.”

हे मी बोललो तेव्हाही माझे दोन्ही हात भांडं धरल्यासारखेच होते. जयंतीचं हसणं थांबलं होतं. काकांनी फासे गोळा करून आतल्या खिशात टाकले, म्हणाले, “आज एवढें पुरे,” आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

पुढच्या रविवारी अप्पांनी मला जाऊ दिलं नाही. तिरुप्पूरला जायच्या आधी हात बसायला हवा म्हणून मशीनवर बसवलं. दुपारी काका दुकानात आले, काखेत तक्ते घेऊन.

अप्पा खडूनं कापडावर रेघ मारत होते. मान वर न करता म्हणाले, “पोरगा येणार नाही. काम आहे त्याला.”

“पोरास न्यायला आलों नाही. आम्हांस एक माणूस कमी पडतो आहे. तुम्ही खेळा.”

“मी?”

“दायम येतें ना तुम्हांस?”

अप्पांनी खडू ठेवला. आमच्या गल्लीत त्यांच्यासारखे फासे कुणी टाकत नसे, आणि हे काकांना पक्कं ठाऊक असणार. अप्पांनी फासे हातात तोलून बघितले. “हलके आहेत,” म्हणाले, “चांगलं पितळ नाही.” मग कापडाच्या कडेला जागा करून टाकले.

धंदा निघाला पेपर टाकणाऱ्याचा. पुन्हा टाकले. चाल निघाली, “उजवा खांदा खाली.” तमिळ अक्षरं अप्पा भराभर वाचत.

“पिशवी त्याच खांद्याला अडकवत असेल,” अप्पा म्हणाले. “ह्याला तयार शर्ट बसायचा नाही. उजवीकडून जरा उतरवून कापायला लागेल.”

“लिहून घेतों,” काका म्हणाले आणि खरोखरच लिहून घेतलं. अप्पांना ते आवडलेलं दिसलं.

बोलणं निघालं, “घसा खाकरून.” मग शेवटचा तक्ता, मनातलं. अप्पांनी फासे घासून सोडले. मी मशीनवरून मान लांब करून बघत होतो. एकावर दोन टिंबं होती आणि दुसरा कोरा पडला होता. काकांनी तक्ता अप्पांपुढं सरकवला आणि एका घरावर बोट ठेवलं. ते घर मी ओळखत होतो. त्या घराला तीन आणि एक लागतात.

अप्पांनी चष्मा वर केला आणि वाचलं, “बापाचा धाक.”

“ताक,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

“काय?”

“ताक आहे ते अप्पा. बापाचा ताक.”

“ताक कसलं रे? पोरगा बापाला भितो का ताकाला? धाक आहे. कॉलेजात जाऊन हे वाचायला शिकलास?”

मी परत पुठ्ठ्याकडं बघितलं. अक्षरं तीच होती. जयंतीनं आणि मी मिळून ताक वाचलं होतं, आणि त्यात दुसरा शब्द असू शकतो हे अप्पांच्या मनातही आलं नव्हतं.

काका काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, “तर हा पेपरवाला. कुणास भितो तें कळलें. आज ह्यास काय हवं आहे?”

अप्पांनी कात्री उचलली, कापडाच्या कडेला लावली. चालवली नाही.

“शाळा,” ते म्हणाले.

“कितवींत?”

“सहावीत जायचं होतं.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “ह्या पेपरवाल्याचं सांगतो आहे मी.”

“होय की. पेपरवाल्याचेंच.”

“हिशेब चांगला यायचा त्याला. मास्तर घरी आले होते सांगायला. बाप म्हणाला, सुईत दोरा ओवायला हिशेब कशाला?”

“मग पेपरवाला काय म्हणाला?”

रस्त्यावरून एक ऑटो गेला. अप्पांनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी घसा खाकरला.

“सेरी म्हणाला.”

दुकानात मशीन एकच चालू होतं, माझं, आणि माझा पाय कधीच थांबला होता. काकांनी हळू विचारलं, “नांव?”

“नाव राहू दे,” अप्पा म्हणाले. “नाव ठेवलं की गल्लीत ओळखतील त्याला.”

काकांनी फासे उचलून आतल्या खिशात सरकवले. खिशावर हात फिरवून “बरा बसला आहे,” म्हणाले आणि तक्ते काखेत मारून निघून गेले. अप्पांनी ते कापड कापून पुरं केलं. दिवे लागल्यावर दुकानाची फळी लावताना त्यांनी विचारलं, “परीक्षा कधी?”

“एप्रिलमध्ये.”

“तोवर ह्या मशीनला हात लावायचा नाही.” कुलूप घालून ते दोन पावलं पुढं गेले आणि मागं न बघता म्हणाले, “काज वाकडे करतोस.”

तिरुप्पूरच्या मामांना त्यांनी काय कळवलं ते मला आजही माहीत नाही.

नंतर मी काकांना गाठून म्हणालो, “काका, अप्पांचं दोन आणि कोरं पडलं होतं.”

“चष्म्याचा नंबर वाढला आहे,” काका म्हणाले.

“आणि ते धाक आहे हे तुम्हाला माहीत होतं.”

“मींच टाइप केलें आहे.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाही?”

“तुझा ताकवाला बरा चालला होता,” ते म्हणाले आणि फासे वाजवत जिना उतरले. चष्मा पुढं कितीतरी वर्षं तोच होता.

एप्रिलमध्ये मी हिशेबाचा पेपर सोडवला, पुढच्या वर्षी पदवी मिळाली. निकालाच्या दिवशी काकांनी मला माडीवर नेलं आणि पदवीधरासारखं चालून दाखव म्हणाले. मला जमलं नाही. “असूं दे,” म्हणाले, “सवय नाही अजून.”

त्याच काळात समोरच्या गल्लीत कॉम्प्युटरचे वर्ग निघाले आणि काकांच्या शाळेतली मुलं एकेक करून तिकडं गेली. यंत्रं विकली गेली, शेवटी एक तमिळ यंत्र उरलं. वर्ग काढणारा तरुण भला होता. तो काकांना म्हणाला, “सार, तुमचे तक्ते ह्यात घाला. एक बटण दाबलं की हजार माणसं तयार.” काकांनी पडद्याकडं बराच वेळ निरखून बघितलं. “त्यांस चालवून कोण बघणार?” त्यांनी विचारलं. मग ते त्यालाच, आज काय हवं आहे, असं विचारत बसले.

मला पुण्यात मोटारीचे भाग करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. मी साधा माणूस आहे, मोठ्या जागेवर कधी गेलो नाही. पण ऑफिसात चहा देणाऱ्यापासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत कुणीही समोर आला की आधी त्याची चाल दिसते आणि मग नाव विचारलं जातं. ही सवय काकांची. काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तक्ते अक्कानं जयंतीला दिले असं ऐकलं.

टायपिंगच्या शाळेत त्यांनी शिकवलेला पहिला नियम असा, की नक्कल ठेवल्याशिवाय पत्र टाकायचं नाही. पुण्याला आल्यावर त्यांना पहिलं पत्र लिहिलं ते कार्बन घालूनच. अर्थात तमिळ अक्षरांत. ते इथं देवनागरीत उतरवतो.

*

तीर्थरूप काकांस नमस्कार.

सुखरूप पोचलो. खोली बरी आहे. इथं मराठी फार जोरात बोलतात. मी बोललो की समोरचा जरा थांबतो आणि मग विचारतो, तुम्ही कुठले. मी तंजावर सांगतो, तर म्हणतात, मग तुम्हाला मराठी कसं येतं. ह्याला काय उत्तर द्यायचं ते कळवा.

आमच्या ऑफिसच्या दारावरचा पहारेकरी बदकांना भीत नाही, विचारून घेतलं. लिफ्टला भितो. हे तुमच्या तक्त्यात नसावं, घालून घ्या. हत्ती सापडला असेल तर तेही कळवा, जयंतीला एकटीला जड जात असेल.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. अप्पा स्टेशनवर येणार नाहीत असं आई म्हणाली होती. दुकान बंद करून ते कुठं जात नाहीत, तुम्हाला माहीत आहे. गाडी सुटायला आली तेव्हा फलाटावरून चालत येताना दिसले. दोन्ही हातांनी छातीशी काही धरलं होतं, म्हणून हळू चालत होते. खिडकीशी आले. आधी माझ्या शर्टाचा खांदा ओढून सरळ केला. मग ते भांडं आत दिलं. त्यात ताक होतं. आलं, कढीपत्ता घातलेलं. आईनं नव्हे, त्यांनी स्वतः केलेलं, कारण मीठ फार झालं होतं. म्हणाले, वाटेत ऊन लागेल, पी. मी सेरी म्हणालो. मग गाडी हलायच्या आत आणखीही थोडं बोललो. काय ते तुम्हाला भेटीत सांगेन. ते ऐकत होते.

मद्रासपर्यंत भांडं मांडीवर धरून होतो. समोरच्या बाकावर एक म्हातारा होता, तमिळ, शेतावरून आलेला दिसत होता. त्यालाही घोटभर दिलं. उरलेलं मी प्यालो. सांडलं नाही.

मनातल्याच्या तक्त्यातली ती ओळ तुम्ही दुरुस्त करायला घेतली असेल तर राहू द्या. तुम्ही टाइप केली तशी बरोबर आहे, आणि आम्ही वाचली तशीही.